डोळे आणि दृष्टी

ग्रीक भाषेत 'मला ठाऊक आहे' असे म्हणायचे झाल्यास 'ओयदा' हे क्रियापद वापरतात. व्याकरणाच्या अंगाने पाहिल्यास त्याचा मूळ अर्थ 'मी पाहिले आहे' असा होतो. जे पाहिले ते कळले, असा सरळ हिशेब त्या शब्दात आहे. हे क्रियापद ज्या प्राचीन धातूपासून आले, त्याच धातूचे संस्कृत रूप म्हणजे 'विद्'. वेद, विद्या, विद्वान हे आपल्या नित्याच्या वापरातील शब्द त्याच कुळातले होत. तत्त्वज्ञानाला आपण 'दर्शन' म्हणतो, ज्ञानी पुरुषाला 'द्रष्टा' म्हणतो आणि एखादी गोष्ट उशिरा उमगली की 'आता माझे डोळे उघडले' असे म्हणतो. पाहणे म्हणजे जाणणे, ही समजूत इतकी जुनी आणि इतकी सर्वदूर आहे की तिच्याविषयी शंका घ्यावी असे सहसा कुणाच्या मनात येत नाही.

इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात अथेन्सच्या नाटककारांनी ही शंका घेतली, आणि तीही भर सभेत. अ‍ॅक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर डायोनिसस या देवाच्या उत्सवात नाटके होत असत व हजारो नागरिक ती पाहावयास येत. ज्या जागी ते बसत तिला ग्रीक भाषेत 'थेआत्रोन', म्हणजे पाहण्याची जागा, असे नाव होते. आपण आज 'थिएटर' म्हणतो तो शब्द तिथूनच आला आहे. पाहण्यासाठी जमलेल्या या लोकांपुढे सोफोक्लीस, एस्किलस आणि युरिपिडीस यांनी अशी माणसे उभी केली, की ज्यांचे डोळे शाबूत आहेत, पण ज्यांना समोरचे दिसत नाही; आणि अशीही, की ज्यांचे डोळे गेले आहेत, पण ज्यांच्यापासून काही लपत नाही. या विरोधातील चमत्कृतीपाशीच थांबले तर त्या नाटकांचा निम्मा अर्थ हातून निसटतो. त्यांच्या मुळाशी एक गंभीर नैतिक प्रश्न आहे. माणसाला जे दिसले नाही, त्याची जबाबदारी त्याच्यावर किती? अज्ञान हे नेहमीच निर्दोष असते काय?

या प्रश्नाचा सर्वांत कसून घेतलेला शोध सोफोक्लीसच्या 'राजा ईडिपस' या नाटकात आढळतो. मराठी वाचकांना ते नवे नाही, पु. ल. देशपांडे यांनी 'राजा ओयदिपौस' या नावाने ते मराठीत आणले आहे. तरीही विषयाच्या सोयीसाठी कथासूत्र थोडक्यात सांगतो. थीब्जचा राजा लेयस याला भविष्यवाणी मिळते, की त्याचा मुलगा त्याचा वध करील. मूल जन्मताच त्याच्या पायांचे घोटे टोचून बांधले जातात व किथैरोन डोंगरावर टाकून देण्यासाठी त्याला एका गुराख्याच्या स्वाधीन केले जाते. गुराख्याला दया येते. तो मूल कोरिंथच्या दुसऱ्या एका गुराख्याला देतो आणि तिथला निपुत्रिक राजा पॉलिबस त्याला आपला मुलगा म्हणून वाढवतो. सुजलेल्या पायांवरून मुलाचे नाव ईडिपस पडते. तरुणपणी एका मेजवानीत कुणी मद्यधुंद माणूस त्याला म्हणतो, की तू या बापाचा नव्हेस. ईडिपस खरे काय ते विचारण्यासाठी डेल्फीला अपोलोच्या मंदिरात जातो. तिथे त्याला त्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. मिळते ते एक भीषण भाकीत, की तू पित्याला मारशील आणि मातेशी विवाह करशील. ते टाळण्यासाठी तो कोरिंथकडे पाठ फिरवून निघतो. तीन रस्ते एकत्र येतात अशा एका ठिकाणी रथातील एका वृद्धाशी त्याची वाटेवरून बाचाबाची होते आणि त्याच्या हातून तो वृद्ध मारला जातो. पुढे तो थीब्जला येतो, स्फिंक्सचे कोडे सोडवतो, नगर संकटातून सोडवतो आणि नगराची विधवा राणी जोकास्टा हिच्याशी विवाह करून राजा होतो. नाटक सुरू होते ते यानंतर बऱ्याच वर्षांनी, नगरात महामारी पसरलेली असताना. लेयसच्या मारेकऱ्याला शोधून काढल्यावाचून ती थांबणार नाही असे अपोलोने कळवलेले असते, आणि तो मारेकरी शोधण्याची शपथ ईडिपसच घेतो.

स्फिंक्सच्या कोड्याचे उत्तर 'माणूस' असे होते, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. माणूस म्हणजे काय हे जगात एकट्या ईडिपसला सांगता आले. परंतु हा एक विशिष्ट माणूस, म्हणजे आपण स्वतः, कोण आहोत हे मात्र त्याला सांगता आले नाही. सर्वसामान्य सत्य कळणे वेगळे आणि स्वतःविषयीचे सत्य कळणे वेगळे, हा भेद सोफोक्लीसने कथेच्या पायातच घालून ठेवला आहे.

त्यानंतर येतो टायरेसियस. हा थीब्जचा अंध भविष्यवेत्ता एका मुलाचा हात धरून रंगमंचावर येतो. त्याला सर्व ठाऊक आहे आणि म्हणूनच तो बोलू इच्छित नाही. ईडिपस आधी विनवतो, मग संतापतो, शेवटी त्याच्यावर कटाचा आरोप करतो आणि त्याच्या अंधत्वावरून त्याला टोचून बोलतो. तेव्हा चिडून जाऊन टायरेसियस सत्य सांगून टाकतो: तुझे डोळे धड आहेत, पण तू कुठे राहतोस, कुणाबरोबर राहतोस, कुणाच्या पोटी जन्मलास हे तुला दिसत नाही, अशा आशयाचे ते शब्द आहेत. नवल असे, की नाटकाच्या पहिल्याच भागात संपूर्ण सत्य मोठ्या आवाजात सांगितले गेले, तरी ईडिपसला ते ऐकू येत नाही. सत्य दडलेले नव्हते. ते स्वीकारण्याची जागा मात्र त्याच्या मनात नव्हती.

आता प्रश्न दोषाचा. ईडिपस अपराधी आहे काय? अनेक वाचक कथेला नीट बसवण्यासाठी त्याच्या स्वभावातला एखादा दुर्गुण शोधतात. तो गर्विष्ठ होता, तापट होता, म्हणून त्याला शिक्षा झाली, असे म्हटले की आपले समाधान होते. ई. आर. डॉड्स या ग्रीक विद्येच्या पंडितांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात या समजुतीचे खंडन केले. राग हा काही पितृवधाच्या शिक्षेला पात्र ठरणारा गुन्हा नव्हे, आणि जे भाकीत जन्मापूर्वीच झालेले होते, त्याला नंतर अंगी आलेला दुर्गुण कारण कसा होईल? अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्रविषयक ग्रंथात शोकांतिकेच्या नायकाच्या पतनाचे कारण सांगताना 'हामार्तिया' हा शब्द योजला आहे. या शब्दामागे नेम चुकण्याची कल्पना आहे. पुढे नव्या कराराच्या ग्रीक भाषेत हाच शब्द 'पाप' या अर्थाने रूढ झाला, आणि त्यामुळे आपल्यासारखे वाचक अ‍ॅरिस्टॉटलच्या वाक्यात नकळत पाप वाचतात. अ‍ॅरिस्टॉटलला मात्र तेथे दुष्टपणा अभिप्रेत नाही, कारण दुष्टपणामुळे नव्हे तर प्रमादामुळे नायकावर विपत्ती ओढवते, असे तो स्वच्छ सांगतो.

अथेन्सच्या लोकांनाही हा भेद ठाऊक होता. ड्रॅकोच्या काळापासून, म्हणजे इ. स. पू. सातव्या शतकापासून, त्यांच्या कायद्यात हेतुपुरस्सर केलेला वध आणि नकळत घडलेला वध हे वेगळे मानले जात. परंतु नकळत वध करणाऱ्यालाही देश सोडून जावे लागे, कारण रक्ताचा विटाळ हेतू पाहत नाही अशी त्यांची धारणा होती. कायदा आणि विटाळ यांच्या या दुहेरी हिशेबात ईडिपस सापडला आहे. न्यायाच्या तराजूत तो सुटतो, पण घडलेल्या गोष्टीतून तो सुटत नाही.

आमच्या नीतिशास्त्राच्या अभ्यासात संत थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) यांनी केलेले अज्ञानाचे वर्गीकरण शिकवले जाते. एक अज्ञान असे, की मनुष्याने सर्व प्रयत्न करूनही ते दूर होणे शक्य नसते. त्याचा दोष त्याला लागत नाही. दुसरे अज्ञान निष्काळजीपणातून येते. जे जाणून घेणे शक्य होते आणि कर्तव्यही होते, ते आपण जाणून घेतले नाही, म्हणून ते दोषास्पद. तिसरे सर्वांत वाईट: जे कळले तर आपल्याला बदलावे लागेल, ते कळूच नये अशी इच्छा धरून जपलेले अज्ञान. ही कसोटी सोफोक्लीसनंतर सोळाशे वर्षांहून अधिक काळाने तयार झाली, पण त्याच्या पात्रांना ती लावून पाहिली तर पुष्कळ गोष्टी उलगडतात.

रस्त्यावर आपल्या हातून मेलेला वृद्ध आपला पिता आहे, हे ईडिपसला कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता. तेथे त्याचे अज्ञान पहिल्या प्रकारचे आहे. परंतु एक बारीक गोष्ट अ‍ॅरिस्टॉटलच्याही नजरेतून सुटलेली नाही. इतकी वर्षे राज्य करूनही आपल्या आधीचा राजा कसा मेला, हे ईडिपसला ठाऊक नसणे हे बुद्धीला पटणारे नाही, असे त्याने नमूद केले आहे. तो भाग नाटकाच्या कथानकाबाहेर आहे, एवढेच त्याचे समर्थन. अ‍ॅरिस्टॉटलच्या दृष्टीने हा रचनेचा प्रश्न होता. मला मात्र तो मनुष्यस्वभावाचा प्रश्न वाटतो. ज्याच्या सिंहासनावर आपण बसलो, ज्याच्या घरात राहतो, ज्याच्या पत्नीशी संसार करतो, त्याचे काय झाले हे ईडिपसने खोलात जाऊन कधी विचारले नाही. का विचारावे? दिवस चांगले चालले होते. मुले होत होती, प्रजा मान देत होती. सुखाच्या दिवसांत प्रश्न विचारायचे राहून जातात. आपल्या ताटात येणारे अन्न, आपल्या नावावर झालेली जमीन, आपल्याला मिळालेली बढती यांच्यामागे कुणाचे काय गेले, हे सुस्थितीतील मनुष्य फारसे विचारत नाही. त्याला दिसत नाही असे नाही; त्याला पाहण्याची गरज पडत नाही. ईडिपसच्या बाबतीत महामारीने ती गरज निर्माण केली. आणि येथेच त्याचे मोठेपण आहे. एकदा प्रश्न सुरू केल्यावर उत्तर आपल्याच दिशेने येत आहे असे दिसू लागले, तरी तो थांबला नाही.

थांबावे म्हणून त्याला विनवणारी माणसे होतीच. जोकास्टाला सत्य त्याच्याआधी कळते. कोरिंथहून आलेल्या दूताचे बोलणे ऐकता ऐकता तिच्या ध्यानात सारे येते आणि ती पतीला परोपरीने विनवते, की हा शोध आता सोडून द्या. त्याआधीही भाकितांना फार महत्त्व देऊ नये, जमेल तसे निश्चिंत जगावे, हाच तिचा सल्ला होता. तिला क्रूर म्हणता येणार नाही. ज्याच्यावर प्रेम केले त्याला वाचवण्याचीच तिची धडपड आहे. दुसरा तो म्हातारा गुराखी. लेयसचा वध प्रत्यक्ष पाहिलेला तो एकमेव जिवंत साक्षीदार. ईडिपसला गादीवर बसलेला पाहताच त्याने राणीचे हात धरून विनंती केली होती, की मला नगर दिसणारही नाही इतक्या दूरच्या कुरणांवर पाठवा. खरे काय ते त्याने सांगितले नाही. तो नुसता दूर निघून गेला. त्याच्या त्या मौनाच्या छायेत एक अधर्म्य संसार वर्षानुवर्षे चालला आणि शेवटी अख्खे नगर आजारी पडले.

धर्मगुरू म्हणून अनेक घरांत जाण्याचे प्रसंग येतात. एखाद्या घरात भावाने भावाचा हिस्सा दाबलेला असतो. एखाद्या घरात मुलाचे व्यसन सगळ्या आळीला ठाऊक असते आणि फक्त बापाला नसते. एखाद्या घरात सुनेच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे सर्वांना दिसतात आणि कुणीच काही विचारत नाही. अशा घरांत ईडिपस क्वचित भेटतो. जोकास्टा आणि गुराखी मात्र पुष्कळ भेटतात. 'कशाला उगाच विषय काढायचा' हे त्यांचे आवडते वाक्य. त्यांचा हेतू बहुधा चांगला असतो. तरीही त्यांच्या मौनाची किंमत त्या घरातील सर्वांत दुर्बळ व्यक्ती मोजत असते, हे सोफोक्लीसने दाखवलेले सत्य नाकारता येत नाही.

उशिरा आलेली दृष्टी काय करते, हे त्याच नाटककाराच्या 'अँटिगनी' या नाटकात दिसते. राजा क्रिऑन हा पॉलिनायसीसचे प्रेत पुरण्यास बंदी करतो आणि ती मोडणाऱ्या अँटिगनीला जिवंतपणी गुहेत कोंडतो. येथेही टायरेसियस येऊन बजावतो. चूक सर्वांकडून होते, पण चूक झाल्यावर जो हट्ट सोडून ती सुधारतो तो अडाणी ठरत नाही, असे तो समजुतीने सांगतो. क्रिऑनही ईडिपसप्रमाणेच त्याच्यावर पैसे खाल्ल्याचा आरोप करतो. सत्य सांगणाऱ्याचे तोंड बंद करता आले नाही, की त्याच्या हेतूवर चिखल उडवायचा, ही सत्ताधाऱ्यांची रीत किती जुनी आहे पाहा! मात्र क्रिऑन नंतर घाबरतो आणि निर्णय फिरवतो. कोरस त्याला सांगतो, की आधी मुलीला गुहेतून सोडव आणि मग मृताचे दफन कर. तो आधी दफन उरकतो आणि मग गुहेकडे वळतो. तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. पाठोपाठ क्रिऑनचा मुलगा आणि पत्नी हीही प्राण देतात. आपली चूक कळणे पुरेसे नाही. ती वेळेवर कळली पाहिजे आणि कळल्यावर जिवंत माणसाकडे आधी धावले पाहिजे.

सत्य सांगितले पाहिजे हे खरे. पण ते कसे सांगावे? या बाबतीत टायरेसियसला आदर्श मानणे मला कठीण जाते. तो खरे बोलतो, पण रागाच्या भरात, टोमण्यांच्या भाषेत. अशा रीतीने सांगितलेले सत्य ऐकणाऱ्याच्या मनाचे दार अधिकच घट्ट लावते. याच्या शेजारी युरिपिडीसच्या 'बाकाय' या नाटकातील एक प्रसंग ठेवून पाहावा. युरिपिडीसच्या मृत्यूनंतर रंगभूमीवर आलेल्या या नाटकात थीब्जचा तरुण राजा पेन्थियस डायोनिससच्या उपासनेला विरोध करतो, परंतु डोंगरावर स्त्रिया काय करतात हे चोरून पाहण्याचा मोह त्याला आवरत नाही. देवाने भ्रमित केलेल्या त्याच्या डोळ्यांना आकाशात दोन सूर्य दिसतात. पाहण्यासाठी तो झाडाच्या शेंड्यावर चढून बसतो आणि तिथेच इतरांना दिसतो. उन्मादात असलेल्या स्त्रिया त्याला फाडून टाकतात. त्यांच्या अग्रभागी त्याची आई अगावी असते. सिंहाची शिकार केली या आनंदात ती मुलाचे मस्तक मिरवत नगरात येते.

तिथे तिची गाठ तिच्या वृद्ध पित्याशी, कॅडमसशी, पडते. नातवाच्या देहाचे तुकडे डोंगरावरून वेचून तो नुकताच परतला आहे. तो तिच्यावर ओरडत नाही. तो तिला म्हणतो, की आधी जरा आकाशाकडे बघ. आता ते पूर्वीसारखेच दिसते की वेगळे? तिला ते अधिक स्वच्छ भासते. मग तो विचारतो, तू कोणत्या घरात लग्न होऊन गेलीस? तुला मुलगा कोण झाला? आणि मग शेवटी, तुझ्या हातात कुणाचे मुख आहे? एकेका प्रश्नाने तो तिला अंधारातून बाहेर आणतो, आणि त्या प्रत्येक पायरीवर तिच्याबरोबर उभा राहतो. सत्य तेच आणि तितकेच भयंकर आहे. कॅडमसने त्यात कणभरही सौम्यपणा मिसळलेला नाही. पण तिला एकटीला त्या सत्याच्या तोंडी त्याने दिले नाही. ज्यांना पालक म्हणून, शिक्षक म्हणून वा मित्र म्हणून कुणाचे डोळे उघडण्याची वेळ येते, त्यांनी हा प्रसंग मनात जपून ठेवावा असा आहे.

परंतु एवढे सगळे पाहून, जाणून शेवटी मिळवायचे काय? सोफोक्लीसच्या 'एजॅक्स' या नाटकाच्या आरंभी याचे उत्तर आहे असे मला वाटते. अकिलीसची शस्त्रे ओडिसियसला मिळाली म्हणून अपमानित झालेला वीर एजॅक्स रात्री ग्रीक सेनापतींना ठार मारायला निघतो. अथीना देवी त्याच्या डोळ्यांवर भ्रमाचे पटल आणते आणि तो माणसांऐवजी गुरांची कत्तल करतो. देवी ओडिसियसला बोलावून ते दृश्य दाखवते. तुझ्या वैऱ्याची फजिती बघ. याहून गोड हसू दुसरे कोणते, असा तिचा रोख आहे. ओडिसियसला हसू येत नाही. त्याला एजॅक्सची कीव येते, आणि त्याच्या जागी आपल्यालाच पाहिल्यासारखे त्याला वाटते. तोही एक मर्त्य मानव, मीही एक मर्त्य मानव. आज त्याच्यावर आले ते उद्या माझ्यावर येणार नाही कशावरून? ही केवळ हळहळ नाही. नाटकाच्या शेवटी एजॅक्सचे दफन होऊ द्यायला सेनापती नकार देतात, तेव्हा त्याच्या बाजूने बोलायला उभा राहतो तो हाच ओडिसियस. ग्रीक शोकांतिकेतील दृष्टी म्हणून जर काही असेल, तर ती ही आहे: दुसऱ्याच्या पडण्यात स्वतःला ओळखणे, आणि मग त्याच्यासाठी काही करणे.

येथे एक सावधगिरीची गोष्ट नमूद करणे अगत्याचे वाटते. अंधत्व हे अज्ञानाचे किंवा पापाचे प्रतीक म्हणून वापरताना आपण पुष्कळदा प्रत्यक्ष अंध व्यक्तींवर अन्याय करतो. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याला काही कळत नाही, अथवा उलट त्याच्या ठायी काही गूढ शक्ती असते, या दोन्ही कल्पना त्याच्यातला साधा माणूस पुसून टाकतात. संत योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय येथे आठवतो. तोही ग्रीक भाषेतच लिहिला गेला. जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभू येशू तो प्रश्नच मोडीत काढतो. अंधत्व ही शिक्षा नव्हे. त्याच अध्यायाच्या अखेरीस तो दोष ठेवतो तो आंधळ्यांवर नव्हे, तर आपल्याला सर्व दिसते असे ठासून सांगणाऱ्यांवर. ईडिपस आणि टायरेसियस यांच्या भेटीपासून हा विचार फार दूर नाही.

ईडिपसने स्वतःचे डोळे का फोडून घेतले, याचाही विचार या अंगाने करावा लागतो. जोकास्टाने गळफास घेतल्याचे पाहून तो तिच्या वस्त्राच्या सोनेरी पिना काढतो आणि पुनःपुन्हा डोळ्यांत खुपसतो. प्रेक्षकांना हे दृश्य दिसत नाही. एक सेवक येऊन ते सांगतो. ही यातना अपोलोने आणली, पण प्रहार करणारा हात माझाच होता, असे ईडिपस नंतर कबूल करतो. परलोकात मातापित्यांना कोणत्या डोळ्यांनी पाहू, असे तो विचारतो. शक्य असते तर कानही बंद करून घेतले असते, म्हणतो. कायद्याने तो निर्दोष असेल. पण डॉक्टरांनी सांगितलेलेच औषध आईने दिले आणि त्याने मुलाला अपाय झाला, तर 'तुझा यात काही संबंध नाही' या शब्दांनी त्या आईचे समाधान होईल काय? दोष नसतानाही जे आपल्या हातून घडले ते आपलेच असते, हे मान्य करण्यात माणसाची प्रतिष्ठा आहे. मात्र त्यासाठी स्वतःचा नाश करावा हे त्यातून निघत नाही. सोफोक्लीसने त्याला मृत्यू दिला नाही, जगायला लावले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

दुःखातून ज्ञान येते, असे एस्किलसने इ. स. पू. ४५८ मध्ये सादर झालेल्या 'अ‍ॅगमेम्नॉन' नाटकात कोरसच्या तोंडून वदवले आहे. ते ज्ञान आपोआप येते असे मात्र समजू नये. सोफोक्लीसच्या शेवटच्या नाटकात, 'ईडिपस कलोनसला' यात, आपल्याला म्हातारा ईडिपस भेटतो. हे नाटक कवीच्या निधनानंतर इ. स. पू. ४०१ मध्ये त्याच्या नातवाने रंगभूमीवर आणले. कलोनस हे कवीचे जन्मगाव. अँटिगनीच्या हाताला धरून भटकणारा हा अंध वृद्ध आता स्पष्ट सांगतो, की ती कृत्ये मी केली असे म्हणण्यापेक्षा ती मला भोगावी लागली. पूर्वी न दिसलेले त्याला पुष्कळ दिसते. परंतु क्षमा त्याला साधलेली नाही. मदत मागायला आलेल्या पोटच्या मुलाला तो घोर शाप देतो. दुःखाने माणूस शहाणा होतो तसा कठोरही होतो, हे सोफोक्लीसने लपवले नाही. आणि म्हणूनच दुसऱ्याचे दुःख पाहून वेळीच शिकण्याची सोय जिथे होती, ती पाहण्याची जागा अथेन्सला मोलाची वाटली असावी.

त्या नाटकात ईडिपसला आसरा देतो तो अथेन्सचा राजा थीसियस. तो त्याला त्याच्या भूतकाळाचा जाब विचारत नाही. मीही परक्या घरी वाढलो आहे, आणि उद्याच्या दिवसावर माझा हक्क तुझ्यापेक्षा अधिक नाही, एवढेच त्याला पुरेसे वाटते. ओडिसियसची दृष्टी ती हीच.

शेवटी मेघांचा गडगडाट होतो आणि ईडिपसला आपली वेळ आल्याचे कळते. तो उठतो, मुलींना म्हणतो की मला हात लावू नका, आता मी तुम्हाला वाट दाखवतो. आजवर दुसऱ्याच्या हाताने चाललेला तो आंधळा पुढे चालतो आणि डोळस माणसे त्याच्यामागून जातात. त्याचा अंत कसा झाला हे एकट्या थीसियसने पाहिले. दूर थांबलेल्यांनी मागे वळून पाहिले, तेव्हा ईडिपस तेथे नव्हता आणि थीसियस डोळ्यांवर हात धरून उभा होता.